विहारातल्या टाकीचं पाणी

आमच्या विहारात दर रविवारी सकाळी साडेनऊ वाजता चाळीस-पन्नास माणसं हात जोडून प्राणिहत्या न करण्याचं शील घेतात, आणि त्यांच्यापासून चार हातांवर, डावीकडच्या खिडकीखाली, मासे मरतात. निदान गेल्या उन्हाळ्यापर्यंत तरी असंच चाललं होतं. 'पाणातिपाता वेरमणी' म्हणताना एखाद्याची नजर तिकडे गेली की त्याचा आवाज आपोआप खाली यायचा.

विहार मानक नगरात, रेल्वे कॉलनीच्या मागच्या गल्लीत. येणारे बहुतेक रेल्वेच्या संशोधनातले, थोडे विमा आणि पोस्टातले. कुणाचे वडील, कुणी स्वतः, नागपूर-भंडारा-अकोल्याहून नेमणुकीचा कागद घेऊन लखनौला आले आणि बदलीचा अर्ज करायचं राहून गेलं. मी प्रफुल्ल, विहार समितीचा सचिव. नोकरीत माझं काम वस्तू कशी असावी ते लिहिण्याचं. वस्तू बनवतात दुसरे, वापरतात तिसरे, मोडली तर चौकशी चौथेच करतात. मी फक्त ती कशी असायला हवी होती ते सांगतो. समितीचा सचिव व्हायला यापेक्षा वेगळी पात्रता लागत नाही.

टाकी सुभद्राकाकूंची. त्यांचे यजमान भाऊराव ब्रेकच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते आणि क्वार्टरमध्ये त्यांनी पंधरा वर्षं मासे पाळले. ते गेल्यावर काकू इंदिरा नगरला लेकीकडे, देवयानीकडे राहायला गेल्या. तिच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जिथे टाकी मावली असती तिथे आधीच फ्रिज होता. म्हणून काकूंनी भाऊरावांच्या स्मरणार्थ ती तीन फुटी टाकी विहाराला दिली, सहा नवे गोल्डफिश सोडले, आणि दर रविवारी मेट्रोने आलमबागपर्यंत आणि पुढे ई-रिक्षाने येऊ लागल्या. वंदना झाली की प्लॅस्टिकची खुर्ची ओढून टाकीसमोर अर्धा तास बसायच्या आणि आठवड्याच्या बातम्या माशांना सांगायच्या. मासे सगळं ऐकून घेतात आणि बाहेर कुठे बोलत नाहीत. हा गुण आमच्या विहारात दुसऱ्या कुणात नाही.

ते पहिले सहा एकोणीस दिवस जगले.

मी शनिवारी जाऊन त्याच मापाचे, त्याच रंगाचे सहा आणले. भांडारातली वस्तू खराब झाली की त्याच स्पेसिफिकेशनची दुसरी ठेवायची, एवढंच मला येतं. दुसरे सहा महिनाभर टिकले. मी पुन्हा शनिवारी गेलो. रविवारी काकू खुर्चीवर बसल्या आणि टाकीवरची नजर न काढता म्हणाल्या,

"काय जी प्रफुल्ल, हे कोनते होय?"

"तेच की काकू."

"त्याच्या शेपटीले काळा डाग नव्हता."

"वयानुसार येतो तो."

"दहा मिनिटं झाली मुसावादा म्हणून. खोटं बोलणार नाही म्हटलं ना तू? मी ऐकलं. तुझाच आवाज मोठा होता."

मी सांगून टाकलं. बारा गेले, हे तिसरे सहा.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "यांचे मासे आठ-आठ वर्षं जगायचे," त्या म्हणाल्या. "मले वाटलं, इथं माणसांत राहतीन. बाप्पा, घरी एकटे होते तेच बरे होते." मग पदर सावरून उठल्या. "हे सहा तरी मरू देऊ नको. मेले तर टाकी देऊन टाका कोणाले. यांच्या नावाच्या टाकीत मेलेले मासे पाहाले मी नाही येनार एवढ्या दुरून."

ही गोष्ट मी समितीपुढे ठेवली. उपाध्यक्ष सतीश गणवीर यांचा त्या खिडकीखालच्या जागेवर जुना डोळा होता. त्यांना तिथे थंड पाण्याचा कूलर हवा होता. सतीशभाऊ वाईट माणूस नाहीत. लखनौच्या जूनमध्ये कूलर मागणाऱ्याला वाईट म्हणता येत नाही.

"काकूंच्या भावनांचा आदर आहे, यार," ते म्हणाले, "पण विहारात मरण किती दिवस चालवायचं? मुदत घाला. वर्षावास संपेपर्यंत, अश्विन पौर्णिमेपर्यंत. तोवर एक जरी गेला तर टाकी उठवा."

अध्यक्ष जगदीशसाहेब निवृत्त संचालक. त्यांनी आयुष्यभर दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि त्यामुळे दोन्ही बाजू त्यांना आपला माणूस समजत आल्या. त्यांनी ठराव मान्य केला आणि त्याच बैठकीत, मासे वाचवण्याचे सर्व प्रयत्न व्हावेत, असाही एक ठराव मान्य केला.

प्रयत्नांची आमच्याकडे कमी नव्हती. दर रविवारी वंदनेआधी श्रमदान असतं, त्यात टाकीचा फिल्टर धुण्याचा मान वाटून दिलेला होता. फिल्टर म्हणजे टाकीच्या पाठीला लटकवलेला एक डबा. पंप पाणी ओढतो, ते आतल्या स्पंजातून आणि चिनीमातीच्या चार नळकांड्यांतून जाऊन परत टाकीत पडतं. स्पंज आणि नळकांडी नळाखाली धरून, ब्रशने घासून, पांढरी शुभ्र होईपर्यंत आम्ही सोडत नव्हतो. गाडी धावो न धावो, ठरल्या दिवशी तिची तपासणी झालीच पाहिजे, या शिकवणीत वाढलेली माणसं आम्ही. सतीशभाऊंच्या पाळीला तर स्पंज इतका स्वच्छ निघायचा की त्याने तोंड पुसावं.

म्हणजे स्वच्छतेत खोट नव्हती. तेव्हा खोट मालात असणार, असं समितीने ठरवलं, आणि फिल्टरमध्ये भरायचं नवं माध्यम निवडण्यासाठी आम्ही तिघांनी तुलनात्मक तक्ता केला. सिरॅमिक रिंग, प्लॅस्टिकचे काटेरी बायोबॉल, लाव्हाचा दगड, स्पंज. रकाने होते: दर लिटरमागे पृष्ठफळ, आयुष्य, वजन, आणि सतीशभाऊंच्या आग्रहावरून, 'धुण्यास सुलभता'. या शेवटच्या रकान्याला आम्ही सर्वांत जास्त गुण ठेवले. बायोबॉल पहिले आले. नळाखाली एक फवारा मारला की झालं.

तक्ता घेऊन मी चौकात, म्हणजे लखनौच्या जुन्या बाजारात गेलो. चिकनकारीच्या कपड्यांच्या दुकानांमागच्या गल्लीत रिझवानभाईंचं शोभेच्या माशांचं दुकान आहे. तुमचा सगळा माल मेल्यावरही तुम्ही स्वतः चांगले आहात ना, असं ते आधी विचारतात. सोबत माझी मुलगी प्रिया होती. ती विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्रात एम. एस्सी. करते आणि घरात बोललेलं सगळं मराठी समजून त्याला हिंदीत उत्तर देते. तिला चौकात मटका कुल्फी खायची होती, माशांशी तिचा संबंध नव्हता.

रिझवानभाईंनी तक्ता शांतपणे, दोन्ही बाजूंनी वाचला.

"बहुत मेहनत की है आपने," ते म्हणाले. "एक बात बताइए, धुलाई कितने दिन में होती है?"

"हर इतवार," मी सांगितलं. आवाजात थोडा अभिमान आला असेल. "नल के नीचे. ब्रश से. एकदम सफ़ेद कर देते हैं."

त्यांनी चष्मा काढला. प्रियाने कपाळावर हात मारला.

"पापा, आप लोग हर संडे धोते हो? नल के पानी से? क्लोरीन वाले?"

"मग काय घाण ठेवायची?"

"वो घाण ही तो फ़िल्टर है, पापा!"

मग त्या दोघांनी मला आळीपाळीने समजावलं आणि समजलं तेव्हा मला ते आमच्या ऑफिससारखंच वाटलं. मासा खातो आणि घाण करतो, त्यातून अमोनिया होतो. अमोनिया म्हणजे नुकतीच आलेली तक्रार: ताजी, जळजळीत, माणूस मारेल अशी. स्पंजावर आणि रिंगवर एका जातीचे जिवाणू बसलेले असतात, ते तिचं नायट्राइट करतात. तेही विषच, पण फाइल पुढे सरकली. दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. नायट्रेट फारसं कुणाला चावत नाही. ते नुसतं साठत जातं, कपाटातल्या निकाली फायलींसारखं. या जिवाणूंना बसायला जागा लागते म्हणून ते पृष्ठफळ. ही सगळी कार्यालयं उभी राहायला पाच-सहा आठवडे लागतात. आणि आम्ही दर रविवारी, श्रद्धेने, सगळा कर्मचारीवर्ग नळाखाली धरून ब्रशने घासत होतो.

"ये बॉल आपके किसी काम के नहीं," रिझवानभाईंनी आमचा प्रथम क्रमांक बाजूला सारला. "ये वहाँ चलते हैं जहाँ पानी ऊपर से टपकता हो, हवा के साथ. आपके डिब्बे में मोटा स्पंज पहले रखिए, कचरा रोकेगा. पीछे ये रिंग, खुरदुरे वाले, आधा किलो. बस. और धोइए मत."

"कधीच नाही?" मी मराठीतच विचारलं. ते समजले.

"जब पानी रुकने लगे, तब. टंकी से निकाले हुए पानी में, दो बार हल्के से दबाइए. कपड़े की तरह निचोड़ना नहीं है, बच्चे का गाल समझिए."

त्यांनी स्वतःच्या एका चालत्या टाकीतला काळपट, बुळबुळीत स्पंज काढला, त्याच पाण्यासकट पिशवीत भरला आणि माझ्या हातात दिला. "ये मेरी तरफ़ से. आपके नए स्पंज के बग़ल में रख दीजिए, ये लोग ख़ुद उधर चले जाएँगे." आयुष्यात मला मिळालेली ही सर्वांत घाणेरडी भेटवस्तू. प्रियाने ती स्कूटरवर मांडीत धरून आणली, मटका कुल्फीसारखी.

त्या रविवारी विहारात वाद झाला. सतीशभाऊ बाह्या सरसावून ब्रश घेऊन आले होते.

"म्हणजे विहारात, सगळ्यांसमोर, जाणूनबुजून घाण ठेवायची?"

"अंकल, उसमें करोड़ों बैक्टीरिया हैं," प्रिया म्हणाली. "आप हर हफ़्ते उनको मार रहे थे. इसीलिए मछलियाँ मरीं."

"बॅक्टेरिया म्हणजे काय प्राणी आहेत?"

"प्राणी तो नहीं हैं..."

"मग!"

जगदीशसाहेबांनी हात वर केला. "बेटा, ते मरतात का?"

"मरते तो हैं, सर."

"आणि ते मेल्याने मासे मरतात?"

"जी."

"मग सतीशराव, ब्रश ठेवा."

फिल्टरवर मी पाटी लावली: 'सदर माध्यम धुण्यात येऊ नये.' माझ्या नोकरीतल्या एकतीस वर्षांत माझ्या लिहिण्याने कुणाचा तरी जीव वाचल्याचं हे पहिलंच उदाहरण. हातांना मात्र सवय होती. त्या रविवारी लोकांनी गेटच्या कड्या, नळाच्या तोट्या आणि जगदीशसाहेबांची छत्री घासून काढली.

सहा आठवडे आम्ही श्वास रोखून होतो. अमोनियाची चाचणी हिरवी यायची ती हळूहळू पिवळी, म्हणजे शून्यावर आली. मासे पोहत होते. काकू रविवारी यायच्या, मोजायच्या, सहा भरले की बातम्या सुरू करायच्या. "देवयानीच्या नवऱ्याले प्रमोशन भेटलं. आता तो घरातही इंग्रजीत खोकतो." शेपटीला काळा डाग असलेला मासा काचेला तोंड लावून हे ऐकायचा.

आषाढी पौर्णिमेला वर्षावास लागला, आणि दुसरं संकट आलं ते दानाच्या रूपाने.

वर्षावासाचे तीन महिने विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. रोज लोक येतात, मुलाबाळांना घेऊन. वाचन संपलं की मुलं टाकीकडे धावायची आणि प्रत्येक मूल चिमूटभर खाऊ टाकायचं. मूल घाबरलं तर त्याच्या वतीने आई टाकायची. मूल नसेल तर माणूस स्वतःच टाकायचा, मागे राहायला नको म्हणून. एका माशाला दिवसाला जेवढं मिळायचं तेवढ्यात एक विमा कार्यालय जेवलं असतं. गोल्डफिश 'पुरे' म्हणत नाही. या बाबतीत तो आमच्या लग्नातल्या पाहुण्यांपेक्षा प्रामाणिक आहे.

फिल्टर आता उत्तम काम करत होता आणि तीच अडचण होती. जेवढं आत जाईल तेवढ्याचं तो इमानदारीत नायट्रेट करून टाकीत परत सोडत होता. प्रियाने नायट्रेटची चाचणी आणली. त्यातली दुसरी बाटली अर्धा मिनिट जोरात हलवावी लागते. ते काम जगदीशसाहेबांनी मागून घेतलं आणि घड्याळाकडे बघत, ओठ मिटून, संचालकाला शोभेल अशा गांभीर्याने ते पार पाडलं. चाचणीच्या काचनळीतलं पाणी पिवळं, फार तर फिकं नारिंगी हवं, म्हणजे लिटरमागे वीस मिलिग्रॅमच्या आत. पहिल्या आठवड्यात नारिंगी आलं: चाळीस. तिसऱ्या आठवड्यात लाल: ऐंशी. ऑगस्टच्या मध्याला असा रंग आला की सोबतच्या तक्त्यावर त्याला शेजारीच नव्हता.

आणि काळ्या डागाचा मासा कोपऱ्यात जाऊन पर मिटून बसला. खाऊ टाकला तरी येईना.

"आजारी आहे का जी तो?" काकूंनी विचारलं.

"थोडा सुस्त आहे," मी म्हणालो. हे खोटं नव्हतं, पण मुसावादाच्या अगदी गेटपाशी उभं होतं.

सतीशभाऊ लांबून बघत होते.  त्यांनी भिंतीवरचा विजेचा पॉइंट किती उंचीवर आहे ते हाताने मोजलं.

"पापा, अब फ़िल्टर का काम ख़त्म," घरी आल्यावर प्रिया म्हणाली. "नाइट्रेट कोई मीडिया नहीं निकालेगा इस डिब्बे में. खाना कम करो, और हर हफ़्ते तीस परसेंट पानी बदलो. दूसरा रास्ता नहीं है."

खाऊचं जमलं. डबा माझ्या कपाटात कुलूपबंद झाला. रोजची चिमूट जगदीशसाहेब मोजून एकाच मुलाच्या तळहातावर ठेवू लागले. ज्याची पाळी आली त्या मुलाचा फोटो आईबाप काढायचे. दान कमी झाल्याने त्याची किंमत वाढली.

पाण्याचं मात्र जमेना. कारण पाणी स्वच्छ होतं. नायट्रेट दिसत नाही, वास येत नाही. टाकीतलं पाणी काचेसारखं नितळ. हे उपसून मोरीत ओता, असं मी श्रमदानाला आलेल्या लोकांना सांगितलं तर बादली धरलेले हात थांबले. फिल्टर धुऊ नका म्हटल्यावर भांडणारे सतीशभाऊही यावर भांडले नाहीत, नुसते बाजूला झाले. जगदीशसाहेब हळूच म्हणाले, "प्रफुल्ल, तळ्याचं पाणी ओंजळीत घ्यायला आपली माणसं किती चालून गेली होती, ते इथल्या प्रत्येक मुलाला पाठ आहे. आणि तू म्हणतोस, हे चांगलं पाणी फेका."

 माझ्याही हाताने पहिली बादली ओतवेना. शेवटी डोळे मिटून ओतली.

दोन रविवार मी एकट्याने जमेल तेवढं पाणी बदललं. आदल्या दिवशी क्लोरीन उडून जावं म्हणून नळाचं पाणी बादल्यांत भरून ठेवायचं, दुसऱ्या दिवशी तेवढंच उपसायचं आणि हे ओतायचं. चार बादल्यांत माझी कंबर धरली. वसुधाने, म्हणजे माझ्या बायकोने, गरम पाण्याची पिशवी देत विचारलं, "माशांची तब्येत कशी आहे?" नायट्रेट ऐंशीच्या खाली येत नव्हतं. पौर्णिमेला सात आठवडे उरले होते.

तिसऱ्या रविवारी सुभद्राकाकू आल्या त्या पाच-पाच लिटरचे तेलाचे दोन रिकामे कॅन घेऊन.

"फेकून राह्यला का पानी?"

"काकू, बदलावं लागतं. नायट्रेट वाढलंय."

"ते मले नाही समजत. फेकतो कायले? हे पानी यांनी कधी फेकलं नाही. क्वार्टरमागे वांगी होती आपल्या, आठवते का? तू खाल्ली आहे. याच पान्याची."

"भाऊरावांची वांगी टाकीच्या पाण्यावर होती?"

"मग काय मेट्रोच्या पान्यावर? भर."

मी दोन्ही कॅन भरले. दहा लिटर पाणी घेऊन बाहत्तर वर्षांची बाई ई-रिक्षातून आलमबागला आणि तिथून मेट्रोने इंदिरा नगरला गेली. मेट्रोच्या तपासणीत विचारलं तेव्हा, 'मासे राहतात त्याच्यातलं पानी होय' असं त्यांनी खरं तेच सांगितल्याचं देवयानीने फोनवर कळवलं. जाऊ दिलं म्हणे. बहुधा पुढे विचारायला कुणी धजलं नसेल.

पुढच्या रविवारीही कॅन आले. तिसऱ्या खेपेला काकूंनी पिशवीतून मूठभर हिरव्या मिरच्या काढल्या, ताठ, चकचकीत, बोटाएवढ्या, आणि वंदना संपल्यावर नेमक्या सतीशभाऊंच्या हातात ठेवल्या.

सतीशभाऊंच्या क्वार्टरसमोर गुलाबांच्या अकरा कुंड्या आहेत. गेली सात वर्षं ते कॉलनीच्या पुष्पप्रदर्शनात भाग घेतात आणि गेली सात वर्षं उत्तेजनार्थ येतात. उत्तेजन मिळूनही माणूस किती वर्षं उत्तेजित राहणार.

"गॅलरीतल्या आहेत?" त्यांनी मिरची उन्हाकडे धरली. "काय घालता, काकू?"

"काही नाही. टाकीचं पानी."

"नुसतं पाणी?"

"तुमच्या भाषेत काय ते... नायट्रेट. मासे करतात. आपन काही करत नाही."

सतीशभाऊ टाकीकडे वळले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी तिच्याकडे, तिच्या जागेकडे नव्हे, पाहिलं.

पुढच्या रविवारी ते मोटरसायकलला दोन बादल्या लटकवून आले. "तुझी कंबर दुखते ना, यार," मला म्हणाले. "हो बाजूला, मी उपसतो." त्यांनी नळी लावून पाणी काढलं आणि मोरीत न ओतता जपून स्वतःच्या बादलीत घेतलं. ते बघून विम्यातल्या आशिषने विचारलं, कढीपत्त्याला चालेल का. पोस्टातल्या रुचिराताईंनी पाण्याच्या बाटलीतलं प्यायचं पाणी तिथेच झाडाला घालून बाटली रिकामी केली. त्याच्या पुढच्या रविवारी वंदनेला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात काहीतरी रिकामं होतं. फेकायचं म्हटल्यावर जे पाणी कुणाच्या हातून हलत नव्हतं, ते द्यायचं म्हटल्यावर वीस मिनिटांत तीस टक्क्यांनी खाली आलं, आणि मला 'थांबा, मासे उघडे पडतील' म्हणून ओरडावं लागलं. शनिवारी पाणी भरून ठेवायलाही आता माणसं आपणहून येऊ लागली. नवं भरलं नाही तर जुनं मिळणार नाही, हे त्यांनी कुणी न सांगता ओळखलं.

चाचणीची काचनळी नारिंगी झाली. मग फिकी नारिंगी. काळ्या डागाच्या माशाने एका बुधवारी पर पसरले आणि जगदीशसाहेबांच्या बोटाला चावायचा प्रयत्न केला. साहेबांनी ही बातमी मला ऑफिसात फोन करून दिली.

अश्विन पौर्णिमेच्या दिवशी वर्षावास संपला, खीर झाली, आणि समिती बसली. विषय क्रमांक एक: टाकी. काकूंना कुणी बोलावलं नव्हतं, पण त्या आपल्या खुर्चीवर टाकीकडे तोंड करून बसल्या होत्या. पाठ आमच्याकडे. त्या पाठीला सगळं ऐकू येत होतं.

जगदीशसाहेबांनी ठराव वाचला आणि सतीशभाऊंकडे पाहिलं.

सतीशभाऊ उभे राहिले. घसा साफ केला. "मासे सहा आहेत," ते म्हणाले. "मी सकाळी मोजले. म्हणजे ठरावाप्रमाणे टाकी राहते. त्यावर चर्चेची गरज नाही." ते बसले, आणि परत उठले. "मात्र माझी एक हरकत आहे. शेवटच्या चाचणीत नायट्रेट वीस आलं. आधी ऐंशी होतं. गुलाबांना हे कमी पडतंय. खाऊ थोडा वाढवता येईल का, याचा विचार व्हावा."

"येणार नाही," मी म्हणालो.

"चिमूटभर, यार."

"वीसच हवं. तेवढ्यासाठीच सगळं केलं."

"मग मासे वाढवा."

"जागा नाही."

"अंकल," दारात उभी असलेली प्रिया म्हणाली, "अपने घर पे टैंक लगा लो ना."

सतीशभाऊ विचारात पडले. त्यांच्या बायकोच्या चेहऱ्यावरून ती मात्र विचारात पडली नव्हती, हे दिसत होतं. जगदीशसाहेबांनी हरकतीची नोंद घेतली आणि ती पुढे कुठेच जाणार नाही अशा शब्दांत लिहून घ्यायला मला सांगितलं. हे मला चांगलं जमतं.

काकूंची पाठ हलली. त्या उठल्या, खुर्ची वळवून टाकीशेजारी भिंतीला लावली, आणि तोंड आमच्याकडे करून बसल्या. पाण्याची नळी त्यांनी स्वतःच्या हातात घेतली.

"चला," त्या म्हणाल्या, "रांग लावा. एका घराले एक."

रांग लागली. सतीशभाऊ दोन बादल्या घेऊन पुढे आले.

"एक म्हटलं ना जी."

"काकू, मी उपाध्यक्ष आहे."

"म्हणून तर पुढे उभं राहू दिलं. नाहीतर तुमचा नंबर आशिषच्या मागं होता."

त्यांनी एक बादली खाली ठेवली. पाणी पडू लागलं, आणि ते पडताना काकू त्यांना देवयानीच्या नवऱ्याची या आठवड्याची बातमी सांगू लागल्या. सतीशभाऊंना बादली भरेपर्यंत हलता येत नव्हतं. काचेमागे सहाही मासे नळीभोवती गोळा झाले होते, तीन दिवसांचे उपाशी असल्यासारखी तोंडं वासून. त्यांना सकाळी सातला खाऊ मिळालेला होता. मी स्वतः टाकला होता.